काम खाली उतरले, सत्ता वरच राहिली

वेल्सचे नाव निघाले की समाजवादी चळवळीतील जुन्या कार्यकर्त्याला कोळशाच्या खाणी आठवतात, खाणकामगारांची लढाऊ संघटना आठवते, १९०० साली मर्थर टिडफिल मतदारसंघातून पार्लमेंटवर निवडून गेलेले केअर हार्डी आठवतात, आणि ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी करणारे अन्यूरिन बेव्हन तर हटकून आठवतात. या स्मरणात एका संस्थेला मात्र कधीच जागा नसते. तिचे नाव कम्युनिटी कौन्सिल. वेल्सच्या राज्यव्यवस्थेतील ही सर्वांत खालची पायरी. महाराष्ट्रातील वाचकाने ग्रामपंचायतीची एखादी निर्धन धाकटी बहीण डोळ्यांसमोर आणली तरी पुरे. सुमारे ३१ लाख वस्तीच्या या देशात अशा सातशेहून अधिक कौन्सिल आहेत आणि त्यांवर सदस्यांच्या सुमारे आठ हजार जागा आहेत. वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटविषयी ग्रंथालये भरतील इतके लिहिले गेले आहे. कार्डिफच्या विधिमंडळाविषयी, म्हणजे सेनेदविषयी, वृत्तपत्रांचे रकाने भरतात. या आठ हजारांविषयी फारसे कोणी बोलत नाही, आणि डाव्या पक्षांतील विचारवंत तर सर्वांत कमी बोलतात. ही उपेक्षा निष्कारण नाही. परंतु ती महागात पडलेली आहे.

या कौन्सिलचे कामकाज चालते कसे? महिन्यातून एकदा, बहुधा संध्याकाळी, गावच्या सभागृहात बैठक भरते. एक तृतीयांश सदस्य, आणि कोणत्याही परिस्थितीत किमान तीन, हजर असले की गणपूर्ती होते. चिटणीस हा पुष्कळ ठिकाणी कौन्सिलचा एकमेव पगारी नोकर, तोही अर्धवेळ. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, ज्या विषयात कुणाचा खाजगी हितसंबंध असेल त्याने तो जाहीर करणे, आलेल्या पत्रांचे वाचन, द्यावयाच्या रकमांना मंजुरी, असा क्रम ठरलेला असतो. खरे विषय त्यानंतर येतात. बस थांब्याच्या शेडची काच फुटली आहे. मुलांच्या मैदानातील झोपाळा गंजला आहे. पायवाटेवर झाड आडवे झाले आहे आणि ते कुणाच्या हद्दीतले यावर वाद आहे. दफनभूमीतील गवत कापण्यासाठी दोन दरपत्रके आली आहेत. गटार तुंबून पाणी रस्त्यावर येते. कुत्र्यांच्या विष्ठेची तक्रार ज्या वर्षी झाली नाही असे वर्ष वेल्सच्या एखाद्या कौन्सिलच्या दप्तरात सापडणे कठीण. गावोगावच्या त्या प्रसिद्ध लाल टेलिफोन पेट्या वापरातून गेल्या, तेव्हा टेलिफोन कंपनीने २००८ पासून त्या एकेका पौंडाला गावांना देऊ केल्या. अनेक कौन्सिलांनी त्या घेतल्या आणि त्यांत, बंद पडू पाहणारे हृदय विजेच्या धक्क्याने पुन्हा चालू करणारे यंत्र बसवले. आता त्या यंत्राची बॅटरी तपासणे हाही कार्यक्रमपत्रिकेवरचा एक विषय झाला आहे.

ही यादी वाचून सुशिक्षित वाचकाच्या ओठांवर स्मित येते. राज्यक्रांतीच्या गोष्टी करणाऱ्याला तर ती पोरखेळच वाटेल. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने या यादीकडे जरा थांबून पाहिले तर तिच्यातील वर्गीय आशय लपत नाही. ज्याच्या दारात मोटार आहे त्याला बस थांब्याची शेड असली काय आणि नसली काय, सारखेच. ज्याच्या घरामागे बाग आहे त्याला सार्वजनिक मैदानाची किंवा भाजीपाला पिकवण्यासाठी खंडाने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्याची गरज नाही. दुकानापासून घरापर्यंत चालताना मध्ये बसायला बाकडे लागते ते गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला. रस्त्यावर दिवा लागतो तो रात्रपाळीहून पायी परतणाऱ्या नोकरदार बाईला. कम्युनिटी कौन्सिलची कार्यक्रमपत्रिका म्हणजे, ज्या वस्तू श्रीमंत माणूस स्वतःपुरत्या विकत घेऊ शकतो आणि गरीब माणसाला त्या सर्वांनी मिळूनच मिळवाव्या लागतात, त्या वस्तूंची यादी होय. ज्या राजकारणाला हे क्षुल्लक वाटते त्याने आपण कुणाच्या नजरेने पाहत आहोत हे तपासून घेतलेले बरे.

या संस्थेचा जन्मही क्षुल्लक नव्हता. इंग्लंड-वेल्समध्ये गावपातळीवरचा कारभार शतकानुशतके चर्चच्या सभेकडे, म्हणजे व्यवहारात धर्मगुरू आणि जमीनदार यांच्याकडे होता. वेल्समध्ये या गोष्टीला विशेष धार होती. बहुसंख्य सामान्य माणसे अँग्लिकन चर्चपासून दुरावून चॅपेलांकडे गेलेली, जमीनदार मात्र अँग्लिकन. तेव्हा ज्या धर्मपीठाला लोक मानत नव्हते त्याच्या छायेत गावाचा कारभार चाले. १८९४ च्या कायद्याने लोकनियुक्त पॅरिश कौन्सिल स्थापन झाल्या आणि चर्चच्या सभेचे ऐहिक अधिकार त्यांच्याकडे आले. स्त्रियांना, विवाहित स्त्रियांनासुद्धा, या कौन्सिलांसाठी मतदान करण्याचा आणि उभे राहण्याचा हक्क त्याच कायद्याने दिला. पार्लमेंटच्या मतदानासाठी त्यांना आणखी चोवीस वर्षे थांबावे लागले. १९०८ च्या एका कायद्यानुसार गावातील सहा मतदारांनी लेखी मागणी केली तर भाजीपाल्याच्या तुकड्यांचा प्रश्न कौन्सिलला विचारात घ्यावाच लागतो. सहा सह्यांनी जमिनीचा प्रश्न सभेपुढे आणता येतो, ही तरतूद आजही कायद्यात आहे. भूमिहीन मजुराच्या दृष्टीने त्या काळी ती लहान नव्हती.

पुढे १९७२ च्या कायद्याने वेल्समधील पॅरिश ही संज्ञा मोडीत निघाली आणि १ एप्रिल १९७४ पासून तिच्या जागी कम्युनिटी हे एकक आले. नाव बदलले, धर्माचा वास गेला, हे चांगलेच झाले. पण अधिकारांची रचना तशीच राहिली, आणि तिच्यातच सारी मेख आहे. कम्युनिटी कौन्सिलला अमुक करण्याची मुभा आहे, तमुक करण्याची मुभा आहे. ती दिवे लावू शकते, बाकडी ठेवू शकते, घड्याळ बसवू शकते, दफनभूमी चालवू शकते. ज्यांमुळे गावाचे भवितव्य ठरते अशा गोष्टी मात्र तिच्याकडे नाहीत. रस्ता जिल्हा कौन्सिलचा. शाळा जिल्हा कौन्सिलची. गावात कुठे किती घरे बांधायची हे ठरवणार जिल्हा कौन्सिल, आणि तिच्या निर्णयावर अपील झाले तर त्याहूनही वरचा कोणी. बांधकामाचा अर्ज कम्युनिटी कौन्सिलकडे अभिप्रायासाठी येतो. सदस्य नकाशा टेबलावर पसरतात, शेताच्या बांधापासून पाण्याच्या उतारापर्यंत सारे त्यांना तोंडपाठ असते, तासभर चर्चा होते, अभिप्राय जातो. आणि पुष्कळदा काही आठवड्यांनी त्याच्या नेमके विरुद्ध निर्णय झाल्याचे पत्र येते. सल्ला मागितला जातो, तो मानण्याचे बंधन कुणावरच नाही.

बेव्हन यांनी या स्थितीचे वर्णन स्वतःच्या आयुष्याच्या आधारे पार्लमेंटमध्ये केले होते. ट्रेडीगर या खाणगावातील हा तरुण खाणकामगार १९२२ साली तिथल्या नागरी कौन्सिलवर निवडून आला, कारण सत्ता तिथे असते असे त्याने लहानपणापासून ऐकले होते. तिथे पोचल्यावर कळले की सत्ता पूर्वी होती, आता ती कौंटी कौन्सिलकडे गेली. म्हणून १९२८ साली तो कौंटी कौन्सिलवर गेला. तिथेही तेच उत्तर मिळाले. एवढेच की, कोपऱ्यावरून वळून जाताना तिच्या कोटाचे टोक तेवढे त्याच्या नजरेस पडले. दुसऱ्याच वर्षी तो पार्लमेंटमध्ये गेला. ही गोष्ट सांगून समाजवादी वक्ते सभा हसवतात आणि पुढे जातात. तिच्यात एक दुखरी बाजू आहे ती हसण्यात हरवते. बेव्हन सत्तेचा माग काढीत वर गेले, त्यांच्यामागून पक्षातील कर्तबगार माणसांच्या पिढ्याच्या पिढ्या वर गेल्या, आणि खाली जे उरले त्याला प्रतिष्ठा देण्याचे काम कुणाचेच राहिले नाही. सत्ता वर सरकली म्हणून माणसे वर गेली, आणि माणसे वर गेली म्हणून सत्ता खाली आणण्याचा आग्रह धरणारे कोणी खाली उरले नाही.

१९७४ साली वेल्समध्ये ८ कौंटी आणि ३७ जिल्हे होते. १९९६ च्या एप्रिलपासून हे दोन्ही स्तर रद्द होऊन २२ एकत्रित कौन्सिल आल्या. या लेखात जिल्हा कौन्सिल म्हटले आहे ते यांनाच. कारभार सुटसुटीत होईल, खर्च वाचेल, असे तेव्हा सांगण्यात आले. सुटसुटीतपणाची किंमत अंतरात मोजावी लागली. एकटी पॉविस कौन्सिल वेल्सच्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या भूभागाचा कारभार पाहते. तिच्या मुख्यालयापर्यंत पोचायला डोंगरातल्या माणसाचा अर्धा दिवस जातो. मधला स्तर गेल्यामुळे कम्युनिटी कौन्सिल आणि ही अवाढव्य यंत्रणा एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या, आणि दोघींत बरोबरी कधी नव्हतीच.

त्यानंतर, २०१० पासून, लंडनच्या सरकारने काटकसरीचे धोरण स्वीकारले. कार्डिफला येणारा पैसा आवळला गेला, कार्डिफने जिल्हा कौन्सिलांचा हात आखडता केला, आणि जिल्हा कौन्सिलांनी जी कामे करण्याचे कायद्याने बंधन नाही अशी कामे एकामागून एक टाकून द्यायला सुरुवात केली. सार्वजनिक स्वच्छतागृहे हा पहिला बळी. पाठोपाठ मैदाने, बागा, गावची सभागृहे, क्वचित ग्रंथालयेही. तुम्ही चालवायला घेता की आम्ही कुलूप लावू, असा प्रश्न कम्युनिटी कौन्सिलांपुढे टाकण्यात आला. याला मालमत्तेचे हस्तांतरण असे भारदस्त नाव आहे. विकेंद्रीकरणाची, लोकसहभागाची, स्थानिक स्वावलंबनाची सारी सुंदर भाषा या व्यवहारासाठी वापरली गेली. समाजवाद्यांनी आयुष्यभर ज्या शब्दांसाठी भांडण केले, ते शब्द शौचकुपाची चावी दुसऱ्याच्या हातात देताना उच्चारले गेले, याचा खेद त्यांना वाटायला हवा. २०१७ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने वेल्समधील प्रत्येक जिल्हा कौन्सिलने स्वच्छतागृहांविषयी एक धोरण तयार करावे असे बंधन घातले. स्वच्छतागृह चालवण्याचे बंधन मात्र त्यात नाही. धोरण छापून तयार असते. दाराला कुलूप असते.

कामे खाली आली, त्यांच्यामागून पैसा आला का? इथे थोडा हिशोब मांडणे आवश्यक आहे. कम्युनिटी कौन्सिलला वेल्स सरकारच्या नेहमीच्या वार्षिक अनुदानात वाटा नाही, व्यापारी मालमत्तेवरील करातही नाही. तिचे मुख्य उत्पन्न एकच. दरवर्षी ती आपल्याला लागणारी रक्कम ठरवते आणि ती रक्कम जिल्हा कौन्सिल गावच्या घरपट्टीत मिळवून वसूल करून देते. या मागणीला प्रीसेप्ट म्हणतात. लोकनियुक्त संस्थेने आपला कर आपण ठरवावा, वरून येणाऱ्या अनुदानासाठी ओंजळ पसरू नये, हे तत्त्वतः उत्तमच. मात्र ज्या घरपट्टीवर ही मागणी बेतलेली असते ती घरपट्टीच मुळात विषम आहे. वेल्समध्ये घरांचे नऊ वर्ग आहेत आणि ते १ एप्रिल २००३ च्या किमतींवर ठरलेले आहेत. नवे मूल्यांकन २०२५ मध्ये व्हायचे होते, ते २०२८ वर ढकलण्यात आले. ४४,००० पौंडांपर्यंतचे घर सर्वांत खालच्या वर्गात, ४,२४,००० पौंडांच्या वरचे घर सर्वांत वरच्या वर्गात. दोन घरांच्या किमतीत साडेनऊ पटींहून अधिक अंतर असते; त्यांच्या करात मात्र केवळ साडेतीन पट. म्हणजे मधल्या वर्गाच्या घराला ३० पौंड प्रीसेप्ट बसला तर सर्वांत लहान घराला २० आणि सर्वांत मोठ्या घराला ७०. अगदी निर्धन कुटुंबांना घरपट्टीतून सूट मिळते, पूर्ण माफीही मिळू शकते, हे खरे. पण सुटीच्या मर्यादेच्या किंचित वर जगणाऱ्याला या हिशोबाचा चटका बसतोच.

विषमता घराघरांत आहे तशीच ती गावागावांत आहे, आणि तिच्याकडे तर कुणाचे लक्षच जात नाही. बंद पडलेल्या खाणीच्या दरीत ओळीने उभी असलेली कामगारांची घरे बहुतेक खालच्या वर्गांतली. तिथे ३० पौंडांचा दर लावला तर दर घरामागे वीस-बावीस पौंड हाती येणार. समुद्रकाठच्या किंवा शहरालगतच्या सुखवस्तू गावात त्याच दराने पन्नास-साठ पौंड येणार. स्वच्छतागृहाची दुरुस्ती, पाण्याचे बिल, झाडणाऱ्याचा पगार दोन्हीकडे सारखाच. तेव्हा ज्या गावाला सार्वजनिक सोयींची निकड जास्त, त्या गावाला त्यांच्यासाठी अधिक जड दराने कर द्यावा लागतो किंवा सोय सोडून द्यावी लागते. शिवाय पूर्वी हेच काम जिल्हा कौन्सिल ज्या घरपट्टीतून करीत होती ती घरपट्टी कमी झालेली नाही. एका सेवेसाठी दोनदा कर, अशी तक्रार गावकरी करतात. तिचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

ही झाली जिथे कौन्सिल आहे तिथली गोष्ट. वेल्सच्या भूभागाचा बहुतेक सर्व हिस्सा कौन्सिलांच्या कक्षेत येतो, लोकसंख्येचा मात्र सुमारे ७० टक्केच. उरलेले ३० टक्के राहतात कुठे? मुख्यतः शहरांत आणि जुन्या औद्योगिक वस्त्यांत. मर्थर टिडफिल परगण्यात, जिथून केअर हार्डी निवडून गेले तिथे, एका टोकाचा बेडलिनॉगचा भाग वगळता कम्युनिटी कौन्सिल नाही. पोर्ट टॅलबट शहरालाही ती नाही. हे नाव भारतीय वाचकाला ओळखीचे आहे. तिथला पोलादाचा कारखाना २००७ पासून टाटांच्या मालकीचा. २०२४ च्या जानेवारीत कंपनीने ब्रिटनमधील सुमारे २,८०० नोकऱ्यांवर गदा येईल असे जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या ३० सप्टेंबरला शेवटची झोतभट्टी विझवली. निर्णय मुंबईत आणि लंडनमध्ये झाले. गावपातळीवरची एखादी कौन्सिल असती तरी भट्टी विझायची राहिली नसती, याविषयी भ्रम नको. परंतु इतका मोठा आघात झालेल्या शहराला आपले गाऱ्हाणे शहर म्हणून मांडण्यासाठी स्वतःची अशी एकही लोकनियुक्त सभा नसावी, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. खेड्यात जमीनदाराविरुद्ध मिळवलेली संस्था खेड्यात टिकली; कामगारांच्या शहरात ती रुजवावी असे कामगारांच्या पक्षालाही निकडीचे वाटले नाही.

मर्थरच्याच दरीतील अॅबरव्हॅनचा दाखला इथे टाळता येत नाही. गावाच्या डोक्यावर खाणीतल्या टाकाऊ मातीचे ढिगारे रचले जात होते आणि पावसाळ्यात त्यांतले काळे पाणी खालच्या वस्तीत व शाळेपाशी येत होते. तक्रार कुठल्याही कम्युनिटी कौन्सिलच्या सभेत आजही होते त्याच जातीची: गटार, चिखल, तुंबलेले पाणी. १९६३ साली तिथल्या स्थानिक कौन्सिलच्या अभियंत्याने शाळेमागे टाकल्या जाणाऱ्या या मातीच्या धोक्याविषयी राष्ट्रीय कोळसा मंडळाला पत्रे लिहिली. पत्रांना उत्तरे आली, ढिगारा हलला नाही. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी तो स्वतःच हलला. १४४ माणसे मेली, त्यांतील ११६ मुले होती. कोळसा मंडळ हे सार्वजनिक मालकीचे होते, खाणी राष्ट्राच्या होत्या, हे समाजवाद्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. चौकशी न्यायाधिकरणाने १९६७ मध्ये मंडळालाच दोषी धरले. तरीही ढिगारे हलवण्याच्या खर्चापोटी दीड लाख पौंड मृतांच्या नातेवाइकांसाठी जमलेल्या मदतनिधीतून घेतले गेले, आणि ते घेतले जाताना सरकार मजूर पक्षाचे होते. ती रक्कम १९९७ मध्ये, व्याजाविना, परत झाली. मालकी राष्ट्राची झाली म्हणून गावाचे ऐकले जातेच असे नाही. वेल्समध्ये असे अडीच हजार जुने ढिगारे आजही आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरमधील वादळात क्विमटिलरी येथे त्यांतील एक घसरून माती घरांपर्यंत आली. पावसानंतर उतारावरचा ओघळ कालच्यापेक्षा रुंद झाला की नाही हे पाहणारे डोळे गावातच असतात. त्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची कुणीतरी नोंद घेतली पाहिजे आणि वरच्याला तिचे लेखी उत्तर द्यावेच लागले पाहिजे. आज पहिली गोष्ट होते, दुसरीची हमी नाही.

वेल्सच्या दऱ्यांतून आधी कोळसा गेला. मग पाणी गेले: १९५७ साली लिव्हरपूल महापालिकेने पार्लमेंटकडून खास कायदा करून घेतला, त्यामुळे तिला वेल्समधील कुणाचीही परवानगी लागली नाही, आणि १९६५ पर्यंत त्रिवेरिन खोऱ्यातील कापेल केलिन हे गाव धरणाखाली गेले. आता वाऱ्याची पाळी आहे. नीथ आणि अॅबरडेअर यांच्या मधल्या डोंगरावर पेन-इ-कमॉइद हा ७६ पवनचक्क्यांचा प्रकल्प २०१७ पासून चालू आहे. त्याची मालक कंपनी स्वीडनच्या सरकारच्या मालकीची. सार्वजनिक मालकीला ब्रिटनमध्ये जुनाट ठरवले गेले, पण ती परक्या सरकारची असली तर चालते, हा विनोद बाजूला ठेवू. कंपनी परिसरातील गावांसाठी वर्षाला १८ लाख पौंडांचा निधी देते. रक्कम चांगली आहे, तिच्यातून चांगली कामेही झाली आहेत. पण तिचे वाटप करते ती मतदारांनी न निवडलेल्या संचालकांची एक स्वतंत्र संस्था. त्याच डोंगराच्या पायथ्याशी निवडून आलेली कौन्सिल एका बस शेडच्या काचेसाठी तीन महिने हिशोब करीत बसते. पैसा आहे तिथे मत नाही आणि मत आहे तिथे पैसा नाही.

या कौन्सिलांवर घेतले जाणारे आक्षेप खोटे नाहीत. २०२२ च्या मे महिन्यातील निवडणुकांत बहुसंख्य जागा बिनविरोध भरल्या आणि पुष्कळ जागांसाठी एकही अर्ज आला नाही. रिकाम्या जागा स्वीकृत सदस्य घेऊन भराव्या लागतात. पोटनिवडणुकीची मागणी करायला दहा मतदार पुरतात, तेवढेही अनेकदा पुढे येत नाहीत. त्यामुळे तीच दोन-चार घराणी, तोच निवृत्त मास्तर, तोच शेतकरी वर्षानुवर्षे बसलेला दिसतो. हिशोबात त्रुटी राहतात, महालेखापरीक्षक ताशेरे ओढतात, क्वचित सदस्यांची भांडणे लोकपालापर्यंत जातात. यावरून काही प्रशासनतज्ज्ञ निष्कर्ष काढतात की या संस्था फार लहान आहेत, त्या एकत्र कराव्यात किंवा गुंडाळाव्यात. निदान उलट्या बाजूने केले आहे. ज्या सभेत केवळ अभिप्राय द्यायचा आणि दुसऱ्याने टाकलेले ओझे उचलायचे, तिच्यासाठी तरुण माणसाने संध्याकाळ का द्यावी? २०११ च्या कायद्याने दोन युवक प्रतिनिधी घेण्याची मुभा दिली, २०२१ च्या कायद्याने सोळा वर्षांच्या मुलामुलींना मत दिले, घरबसल्या सभेला हजर राहण्याची सोय केली, आणि दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेले, चिटणीस प्रशिक्षित व लेखापरीक्षण निर्दोष असलेल्या कौन्सिलांना व्यापक स्वरूपाचे अधिकारही देऊ केले. पावले योग्य दिशेची आहेत. फक्त या अटी पुऱ्या करणे ज्यांना शक्य त्या बहुतेक मोठ्या गावांच्या, भरल्या तिजोरीच्या कौन्सिल. जिथे गरज अधिक तिथे चिटणिसाला प्रशिक्षणाला पाठवायचे म्हणजे त्या महिन्यात गवत कापायचे नाही.

भाषेचा प्रश्नही या छोट्या सभांत रोज जगला जातो. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे १७.८ टक्के निघाले, पण वायव्येकडील ग्विनेदसारख्या भागात कौन्सिलची चर्चा वेल्शमध्येच चालते. वेल्श न येणाऱ्यासाठी दुभाषी ठेवायचा तर त्याचे पैसेही त्याच प्रीसेप्टमधून. किनाऱ्यावरील गावांत सुट्टीपुरती उघडणारी दुसरी घरे वाढली, गावात बारमाही राहणारी तरुण कुटुंबे परवडत नाही म्हणून निघून गेली, आणि अॅबरसॉखची प्राथमिक शाळा २०२१ च्या अखेरीस बंद झाली. जिल्हा कौन्सिलला अशा घरांवर २०२३ पासून तिप्पट अधिभार बसवता येतो. तो किती बसवायचा आणि आलेल्या पैशाचे काय करायचे, यात ज्या गावाची शाळा गेली त्याच्या कौन्सिलला मत नाही.

वेल्समधील समाजवादी, मग ते मजूर पक्षाचे असोत वा प्लाइड कम्रीचे, या बाबतीत काही करू इच्छितील तर त्यांना नवे तत्त्वज्ञान शोधावे लागणार नाही. २०१८ मध्ये वेल्स सरकारने नेमलेल्या स्वतंत्र समितीने, देशाचा कोणताही भाग कम्युनिटी वा टाउन कौन्सिलविना राहू नये, अशी शिफारस केलेलीच आहे; मर्थर आणि पोर्ट टॅलबटपासून तिची सुरुवात व्हायला हरकत नाही. जे काम खाली येईल त्याच्यासाठी जिल्ह्याच्या खर्चात जी रक्कम होती ती कामासोबतच खाली आली पाहिजे, आणि दरिद्री गावांना करपात्र घरांच्या कमी किमतीची भरपाई मिळाली पाहिजे. जिल्हा कौन्सिलांमध्ये अनुदान वाटताना हाच न्याय लावला जातो, तो एक पायरी खाली उतरवायचा आहे. पवनचक्क्यांचा पैसा लोकनियुक्त सभेच्या हातून जावा. आणि बांधकामाविषयी गावाचा अभिप्राय डावलायचा असेल तर कारणे लिहून द्यावी लागावीत.

यातले काहीही कार्डिफ आपण होऊन करणार नाही. कौन्सिलांची मुदत आता पाच वर्षांची आहे आणि पुढील सर्वसाधारण निवडणूक २०२७ च्या मे महिन्यातली. उमेदवाराला अनामत रक्कम भरावी लागत नाही. दरम्यान ज्या जागा रिकाम्या आहेत त्यांच्या सूचना गावच्या फलकावर लावलेल्या असतात, बहुधा बस थांब्याच्या त्या फुटक्या काचेशेजारीच.